आजचा माल

आमचं दुकान जुनं आहे, पण दुकानात जुनं काही मिळत नाही. शेजारच्या भांडीवाल्याच्या माळ्यावर त्याच्या आजोबांच्या वेळचं घंगाळ अजून आहे. समोरच्या कापडवाल्याकडे मागल्या दिवाळीचा तागा या दिवाळीत निघतो आणि विकलाही जातो. फुलांना ही सवलत नाही. पहाटे भरलेली फळी रात्री रिकामी व्हावी लागते. उरलं ते निर्माल्य. आजोबांनी दादरच्या या गल्लीत फळी मांडली तेव्हा देश स्वतंत्र व्हायचा होता. त्यांच्यानंतर वडील, म्हणजे दादा बसले, दादांनंतर मी बसते. एवढ्या वर्षांत इथून किती फुलं गेली असतील, आणि त्यातलं एकही आज शिल्लक नाही. मग हे दुकान जुनं म्हणायचं ते कशाच्या बळावर? ओवणाऱ्या हातांच्या, आणि कुणाच्या घरी कुठल्या दिवशी काय लागतं हे ध्यानात ठेवण्याच्या.

आजोबा पुरंदर तालुक्यातले. महात्मा फुल्यांच्या पूर्वजांचं खानवडी त्याच तालुक्यात आहे. गोऱ्हे घराण्यातली माणसं पेशव्यांना फुलं आणि हार पुरवू लागली आणि फुले म्हणून ओळखली जाऊ लागली, हे आजोबा दुकानात येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगत. लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी जोतीरावांची तसबीर त्यांनीच लावली. दर ११ एप्रिलला पहिला हार तिथे चढतो, मग बोहनी. आपला धंदा हलका आहे असं कुणी सुचवलं, तर आजोबा वाद घालत नसत. त्या तसबिरीकडे बघत आणि कामाला लागत.

पहाटेचा बाजार मला अजून ओढून नेतो. घरी कुणी म्हणतं, आता पोरांना पाठव, तू कशाला उठतेस. पण माल डोळ्यांनी घेता येत नाही, तो हातानेच घ्यावा लागतो. स्टेशनच्या पश्चिमेला, पुलाखाली आणि रस्त्याच्या कडेला, दिव्यांच्या पिवळ्या उजेडात पाट्या लागलेल्या असतात. रात्रभर चाललेल्या ट्रकमधून पुणे, दौंड, नगरकडची शेवंती आणि निशिगंध उतरतो. गुलाब नाशिककडून येतो, पॉलिहाउसमधला लांब दांड्याचा गुलाब मावळातून येतो. वसईची माणसं पहिल्या गाड्यांनी सोनचाफा, मोगरा, जुई घेऊन येतात. तो डबा दादरला थांबला की गर्दीच्या आधी वास फलाटावर उतरतो. आणि सणाच्या तोंडावर शहापूर, जव्हारकडच्या आदिवासी बाया येतात. त्यांच्या भाऱ्यांत गौरीसाठी तेरडा असतो, लालपिवळ्या ज्वाळांची कळलावी असते, तिला गौरीचे हात म्हणतात. दसऱ्याला त्याच बाया भाताच्या लोंब्या, आपट्याच्या फांद्या, कुरडूचे तुरे आणतात. हा सगळा माल रानातून त्यांनी स्वतः खुडलेला असतो. त्यांच्याशी भाव करताना दादा आवाज खाली ठेवत, आणि बहुधा मागतील तेच देत.

माल घेणं म्हणजे काय, ते दादांनी मला बोलून शिकवलं नाही. माझं मनगट धरून त्यांनी माझा हात झेंडूच्या पोत्यात आत, अगदी मध्यापर्यंत घातला. आत ऊब लागली. फुलं खुडून दाबून भरली की ती आतल्या आत तापतात. जितकी ऊब जास्त तितका माल शिळा. वरची फुलं कितीही टवटवीत दिसोत, पोत्याचं खरं पोटात कळतं. पावसाळ्यात हिशेब आणखी अवघड. भिजलेला झेंडू वजनाला भरतो आणि दुपारपर्यंत काळा पडतो. अडत्या म्हणतो, आजचाच आहे ताई, सकाळी तोडला. असेलही. पण पाकळीच्या बुडाशी पाणी साचलं असेल तर तो हार संध्याकाळच्या आरतीपर्यंत टिकत नाही, आणि गिऱ्हाईक अडत्याला ओळखत नाही, आम्हाला ओळखतं.

प्रत्येक फुलाची स्वतःची वेळ आहे, आणि दुकान चालवणं म्हणजे त्या वेळा सांभाळणं. मोगरा कळीत खुडावा लागतो. सकाळी ओवलेली घट्ट कळी संध्याकाळी केसांत उमलली पाहिजे, ही त्या गजऱ्याची सगळी खुबी. दुपारी उमललेला मोगरा विकायला मला कसंसंच होतं, कारण त्याचा वास ज्या बाईला मिळायचा तिला तो मिळणार नसतो. निशिगंध दिवसभर गप्प असतो आणि दिवेलागणीला बोलू लागतो. जास्वंद एका दिवसाची. पारिजातक तर दुकानापर्यंत पोचतच नाही. रात्री उमलतो, पहाटे मातीवर पडतो, आणि जमिनीवरून उचलला तरी देवाला चालतो. तो ज्याच्या अंगणात पडेल त्याचाच. ज्या फुलाचा व्यापार होऊ शकत नाही असं एखादं फूल आहे, याचं मला बरं वाटतं.

आणि ज्यांचा व्यापार होतो त्यांतली किती तरी परमुलखातून आलेली आहेत. झेंडू मेक्सिकोचा, निशिगंधही तिथलाच. देवळाच्या आवारात उभा असलेला पांढरा देवचाफा अमेरिका खंडातला. शेवंतीची मुळं चीनमध्ये. पोर्तुगीजांसारख्या दर्यावर्दी लोकांच्या गलबतांतून झेंडूचं बी या किनाऱ्याला लागलं, आणि आता झेंडूशिवाय दसरा होत नाही. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत लोक आपल्या मेलेल्या माणसांची आठवण करतात, त्यांच्या थडग्यांवर आणि घरातल्या देव्हाऱ्यांवर झेंडूच्या राशी घालतात. साधारण त्याच सुमाराला आमच्याकडे दिवाळीची तोरणं बांधली जातात. आपल्या देवांनी बाहेरून आलेलं फूल कधी परत पाठवलं नाही. माणसांनीही पाठवू नये असं मला वाटतं.

आमच्या गल्लीला वार फुलांवरून कळतो. सोमवारी बेल. मंगळवारी प्रभादेवीच्या सिद्धिविनायकासाठी जास्वंद आणि दूर्वांच्या जुड्या, आणि अंगारकी असली तर आदल्या रात्रीपासून डोळ्याला डोळा नाही. बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेना असते. त्या दिवशी हार घ्यायला येणाऱ्यांत ख्रिस्ती जितके तितकेच हिंदू. गुरुवारी दत्ताला, साईबाबांना पिवळी शेवंती, आणि त्याच संध्याकाळी माहीमच्या मखदूमशहा बाबांच्या दर्ग्यासाठी गुलाब-मोगऱ्याची चादर. शुक्रवारी देवीची वेणी. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांचा हार. रविवारी मुहूर्त असेल तर लग्नं. पतेतीच्या आदल्या दिवशी पूर्वेकडून, पारसी कॉलनीतून, तोरणांच्या मागण्या येतात. गुलाब आणि निशिगंध, झेंडू कमी, आणि तोरण दाराच्या मापाचं हवं, एक बोटही लांब नको. तिथल्या एक वृद्ध बाई स्वतः दोरी आणत, दाराच्या मापाची. पुढे माटुंग्याला तामिळ फूलवाले माळ कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत हाताने मोजून देतात. लहानपणी मला वाटायचं की लांब हाताच्या माणसाकडून घ्यावी.

हे सगळं ओवतं कोण? दुकानाच्या पाटीवर आमचं नाव आहे, पण हार मागच्या खोलीत होतो. पाण्यात भिजवलेला केळीचा सोप किंवा दोरा डाव्या हाताच्या बोटांत. दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, देठांवर वेढा, अंगठ्याने गाठ. गाठ सैल राहिली तर गजरा केसांत सुटतो, जास्त आवळली तर देठ कापला जातो आणि कळी उमलायच्या आधी मान टाकते. मधला तो दाब कुठेही लिहून ठेवलेला नाही. मागच्या खोलीतल्या मावश्या तो बोलत बोलत देतात. हातांकडे कुणाचं लक्षही नसतं. सुनेची, पाण्याची, रेशनची गोष्ट चाललेली असते आणि टोपलीत माळ वाढत असते. दिवसभर ओल्या दोऱ्यात राहून बोटांची कातडी पांढरी आणि सुरकुतलेली होते. कंबर धरते. पैसे हारावर मिळतात, तासावर नाही. म्हणून हात थांबत नाहीत.

यातल्या बऱ्याच जणी गिरण्यांच्या संपानंतर आमच्याकडे आल्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि परळ, लालबाग, प्रभादेवीच्या चाळींतला पगार थांबला तो बहुतेकांसाठी कायमचा. मी तेव्हा शाळेत होते. आमच्या घरात संप कळला तो गजऱ्यांवरून. पगाराच्या दिवशी पाळी सुटल्यावर कामगार रांगेने येत, एका हातात भज्यांचा नाहीतर मिठाईचा पुडा असे, दुसऱ्या हाताने गजरा घेत. गजरा पानात गुंडाळून देताना दादा म्हणत, "जपून न्या, गाडीत चेपेल." ती रांग आधी लहान झाली, मग राहिली नाही. दसऱ्याला गिरणीत यंत्रांना हार घालायची मोठी रीत होती. तशा मागण्या देणारी खाती बंद झाली. काही महिन्यांनी ज्यांच्या नवऱ्यांनी गजरे नेले होते त्या बायका फळीसमोर उभ्या राहून विचारू लागल्या, ओवायला काही आहे का. दादांनी मागची खोली रिकामी केली. त्यांच्यातल्या काही जणी त्या खोलीतच म्हाताऱ्या झाल्या. त्यांच्या मुली नर्स झाल्या, बँकेत लागल्या, एक आर्किटेक्ट आहे. मला त्याचा आनंद आहे आणि तो मी लपवत नाही. पण त्या हातांच्या जागी बसायला आता कुणी येत नाही, आणि का यावं, जेव्हा हाराची किंमत ठरवताना लोक फुलं मोजतात आणि गाठी मोजत नाहीत?

आमच्या धंद्याचा खरा जीव फुलपुडीत आहे. बाहेरच्याला मोठे हार दिसतात, लग्नाचे, पुढाऱ्यांचे, क्रेनने उचलायचे. ते एका दिवसाचं काम. पुडी रोजची. पळसाच्या नाहीतर केळीच्या पानात थोडी शेवंती, एखादा गुलाब, तुळस, दूर्वा, वाराप्रमाणे बेल किंवा जास्वंद, वरून दोऱ्याचे दोन वेढे, आणि ती पहाटे दाराच्या कडीला. मधल्या काळात पानाची जागा प्लास्टिकच्या पिशवीने घेतली. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा मी जुन्या पानवाल्याला पुन्हा शोधून काढलं. पानात फूल श्वास घेतं, पिशवीत घामेजतं, एवढा साधा फरक आहे.

पुडी टाकणाऱ्याला घरं कळतात. कुठल्या घरात सोवळं कडक आहे, कुठे देवच नाहीत पण फोटोला रोज एक सोनचाफा हवा, कुठे मुलगा परदेशी गेला आणि पुडी अर्धी झाली. मार्गशीर्षातल्या गुरुवारी कुणाला वेणी आणि पाच पालव्या लागतात, चैत्रात कुणाला दवणा, हे आमच्या वहीत आहे, पण वही क्वचितच उघडावी लागते. गोखले रोडच्या एका इमारतीतल्या काकांच्या पुडीत देवाच्या फुलांबरोबर वर्षानुवर्षं एक छोटा गजरा जायचा, काकूंसाठी. उन्हाळ्यात मोगरा, एरवी अबोली, नाहीतर सायली. एका सकाळी काका स्वतः दुकानात आले. मी लहानपणापासून त्यांना ओळखत होते, त्यांना कधी चप्पल न घालता पाहिलं नव्हतं. "बाळ, उद्यापासून पुडीत गजरा नको घालूस," म्हणाले, आणि थोडं थांबून, "पुडी चालू राहू दे." मी काही विचारलं नाही. त्यांनीही दुसरं काही सांगितलं नाही. काकूंच्या हाराचे पैसे मी घेतले नाहीत, ते द्यायला लागले तेव्हा त्यांचा हात मिटवला.

मयताच्या हाराचा आमच्याकडे नियम आहे, आजोबांपासूनचा. त्यात घासाघीस नाही, उधारीची आठवण नाही, आणि किंमत आधी सांगायची नाही. रात्री दोनला शटर वाजलं की दादा ओळखत. शिवाजी पार्कची स्मशानभूमी जवळ असल्याने असं होत असे, अजूनही होतं. आलेला माणूस बहुधा तरुण असतो, त्याला किती हार लागतात ते माहीत नसतं, कुठली फुलं ते माहीत नसतं, तो फक्त म्हणतो, "ताई, जरा लवकर." अशा वेळी विचारायचं नाही, करायचं. निशिगंधाची माळ, तुळस, सुटी फुलं वेगळी बांधून. वहीत हे लिहीत नाही. ज्यांना द्यायचे ते पंधरा दिवसांनी येऊन देतात. फार थोडे विसरतात, आणि त्यांनाही विसरण्याचा हक्क आहे असं मी मानते.

डिसेंबर उजाडला की दादर वेगळं होतं. ६ डिसेंबरला बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीकडे महाराष्ट्रभरातून, महाराष्ट्राबाहेरूनही माणसं येतात. विदर्भातून, मराठवाड्यातून दोन दोन रात्री प्रवास करून आलेली, पांढऱ्या कपड्यांतली. शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, त्यांवर गर्दी असते. त्या दिवशी आमच्याकडे मोठे हार कमी जातात, सुटी फुलं फार जातात. एकेका माणसाला एकच फूल हवं असतं. एक म्हातारी आजी आदल्या संध्याकाळी येते, दोन्ही हातांत धरून एक गुलाब निवडते, बराच वेळ निवडते, आणि रात्रभर तो ओल्या रुमालात ठेवते, कारण रांग सकाळपर्यंत पुढे सरकणार असते. लाखालाखाचे मंडप सजवले आहेत आम्ही, पण फूल निवडणं मी पाहिलं ते तिच्याकडून.

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता. त्याच दिवशी देशभराची टाळेबंदी सुरू झाली. लोकल त्याआधीच थांबल्या होत्या, राज्यात संचारबंदी लागली होती. पाडव्याचा झेंडू शेतात तयार होता आणि न्यायला रस्ता नव्हता. पुरंदरचा माझा चुलतभाऊ फोनवर नुसता म्हणाला, "रोटर फिरवला." फुललेला सगळा प्लॉट मातीत. आमच्या दुकानाचं शटर इतकी वर्षं संपात, दंगलीत, २६ जुलैच्या पुरात एखाद-दोन दिवसांपलीकडे खाली राहिलं नव्हतं. ते आता महिनोन् महिने खाली राहिलं. देवळं बंद होती, लग्नं मोजक्या माणसांत होत होती, आणि करोनाने गेलेल्यांना तर हार घालायचीही सोय नव्हती. तेवढं मात्र अजून गिळवत नाही. त्या वर्षी किती माणसं एका फुलाशिवाय गेली. १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, देवळं उघडली. मागच्या खोलीतल्या मावश्या पहाटे तीनला येऊन बसल्या होत्या. कुणी काही बोलत नव्हतं त्या दिवशी, फक्त ओवत होत्या.

आता बाजारात प्लास्टिकच्या आणि कापडाच्या फुलांची तोरणं ढिगाने आली आहेत. दुरून खरी वाटतात, धुता येतात, दर सणाला पुन्हा काढता येतात. शेतकरी त्यांच्यावर बंदी मागत आहेत, विधिमंडळातही हा विषय गेला. मी शेतकऱ्याच्या बाजूने आहे आणि ती बंदी व्हावी असं मला वाटतं. माझं कारण धंद्याचं आहेच, पण तेवढंच नाही. फूल सकाळी ताजं असतं आणि संध्याकाळी मावळतं, म्हणून ते वाहण्याला अर्थ येतो. देवापुढे, मुलीच्या केसांत, गेलेल्या माणसाच्या पायाशी आपण जे ठेवतो ते पुन्हा वापरता येऊ नये. वर्षभर माळ्यावर गुंडाळून ठेवलेलं तोरण दसऱ्याला दाराला बांधताना दाराला काय सांगणार आपण?

म्हणून माझी एवढी विनंती आहे. हंगामाचं आणि जवळच्या शेतातलं फूल घ्या. शक्य असेल तेव्हा सुटी फुलं घेऊन घरी दोऱ्यात कशीबशी अडकवण्यापेक्षा हाताने ओवलेला हार घ्या आणि ओवणारीच्या पैशात घासाघीस करू नका. पिशवी नाकारा, पान मागा. निर्माल्य टाकताना दोरा काढून घ्या, म्हणजे त्याचं खत होतं. आणि दारात फुलपुडी येत असेल तर ती बंद करू नका. पुडीतलं एखादं फूल आवडत नसेल, एखादं हवं असेल, तर आणणाऱ्या मुलाला थांबवून सांगा, आणि त्याचे महिन्याचे पैसे पहिल्या आठवड्यात द्या. तो पहाटे साडेतीनला उठलेला असतो.